सायकामोरचं झाड, वटवाघळांचा मांडव आणि जाफा केक : विलायतेच्या बातम्यांवर बोलूया

मेघा_न्यूकॅसल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मला न्यूकॅसलला येऊन अकरा वर्षं झाली, माहेर साताऱ्याचं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इथल्या ज्या बातम्या फिरतात त्या बहुतेक "बघा हे इंग्रज" अशाच असतात, एका झाडापायी दोन माणसं तुरुंगात, वटवाघळांसाठी शंभर मिलियन पौंड, जहाजाला नाव काय द्यायचं यावर देशभर मतदान वगैरे. लोक हसतात, पुढे ढकलतात, विषय संपतो. पण यातल्या काही गोष्टी मी इथे राहून जवळून बघितल्यात आणि मला त्या हसण्यावारी नेण्यासारख्या वाटत नाहीत. तर ज्याला जी बातमी आवडली किंवा खटकली ती इथे टाका, आणि नुसती टाकू नका, मत पण द्या.

सुरुवात माझ्या गावाजवळच्या बातमीपासून. इथून तासाभरावर हेड्रियनची भिंत आहे, रोमन लोकांनी इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली, ११७ किलोमीटर लांब. डोंगराच्या धारेवरून ती वरखाली जात राहते आणि एका ठिकाणी दोन चढांच्या मधे खोलगट खिंड लागते, त्या खिंडीत मधोमध एकच झाड होतं. सायकामोर. नाव ऐकून उंबर समजू नका, बायबलातला सायकामोर वेगळा, हे मेपलच्या कुळातलं. आजूबाजूला सगळं उघडं माळरान आणि मधे हे एकटं, छान गोल डेऱ्याचं. १९९१ च्या रॉबिन हूडच्या सिनेमात दिसलं म्हणून लोक त्याला रॉबिन हूडचं झाडच म्हणायचे, २०१६ मध्ये इंग्लंडमधलं ट्री ऑफ द इयर पण झालं होतं.

२०१८ मध्ये माझे बाबा आले होते तेव्हा त्यांना तिथे घेऊन गेले. बाबांनी चपला काढल्या, बुंध्याला हात लावला आणि नमस्कार केला. शेजारी एक इंग्रज आजोबा डबा उघडून बसले होते, त्यांनी ते बघितलं, काही न बोलता उठले आणि सावलीतली त्यांची जागा बाबांना दिली.

२८ सप्टेंबर २०२३ ला सकाळी उठले तर ऑफिसच्या ग्रुपवर झाड आडवं पडल्याचा फोटो. रात्री वादळ होतं म्हणून आधी वाटलं वाऱ्याने पडलं, मग फोटो मोठा करून बघितला तर बुंधा पाटासारखा सपाट. चेनसॉने कापलेलं. त्या दिवशी ऑफिसात कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. माझ्या समोर बसणारी बाई एरवी घरचं कधी काही बोलत नाही, तिने चहा घेताना सांगितलं की तिच्या आईची राख त्याच झाडाखाली सोडली होती.

मे २०२५ मध्ये ज्युरीने ते तोडणाऱ्या दोघांना दोषी धरलं, १५ जुलैला प्रत्येकी चार वर्षं तीन महिने शिक्षा झाली. कोर्टात त्यांच्याच फोनमधला २ मिनिटं ४१ सेकंदांचा व्हिडिओ दाखवला, काळोख, यंत्राची घरघर आणि शेवटी झाड पडल्याचा आवाज. मी तो एकदाच लावला, परत लावायचं धाडस झालं नाही. माझ्या मते शिक्षा योग्य आहे. तुम्हाला काय वाटतं?

निखिल_लीड्स

मेघाताई, फार छान लिहिलंस, बाबांचा प्रसंग वाचून बरं वाटलं. पण शिक्षेबद्दल मी तुझ्याशी सहमत नाही. त्यांनी केलं ते वाईटच, प्रश्नच नाही, पण सव्वाचार वर्षं? इथे घरफोडी करणाऱ्यांना किती वेळा त्याहून कमी होते, तुरुंग इतके भरलेत की २०२४ मध्ये सरकारने कैद्यांना शिक्षेचे ४० टक्के भोगल्यावर सोडायला सुरुवात केली, आणि अशात झाड तोडल्याबद्दल माणसं आत ठेवायची. मला वाटतं त्यांच्याकडून दहा वर्षं झाडं लावून आणि जगवून घ्यायला पाहिजे होती, त्याचा कोणाला तरी उपयोग झाला असता.

अण्णा_वाईकर

मी वनखात्यात वनपाल म्हणून निवृत्त झालो, एकतीस वर्षं झाडं मोजली, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. निखिल, तुझा मुद्दा समजला पण एक गोष्ट बघ. त्या खटल्यात झाडाचं नुकसान किती मांडलं तर ६,२२,१९१ पौंड. भिंतीचं नुकसान वेगळं, ते ११४४ पौंड. म्हणजे दोन हजार वर्षांच्या भिंतीपेक्षा झाडाचा आकडा कितीतरी पट मोठा. हे मी वाचलं आणि पेपर बाजूला ठेवून बराच वेळ तसाच बसलो, कारण आम्ही आयुष्यभर काय केलं तर छातीइतक्या उंचीवर टेप लावायची, गोलाई घ्यायची, लांबी घ्यायची, घनमीटर काढायचे आणि लाकडाच्या दराने गुणायचं. वडाच्या लाकडाला तर फारसा भावच नाही, त्यामुळे वडाची किंमत कागदावर जवळपास शून्य. तिथे त्यांनी सावली, दिसणं, लोकांचं येणंजाणं हे सगळं धरून किंमत काढायची पद्धत बसवली आहे. हे शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. सांगली जिल्ह्यात भोसे गावाजवळ चारशे वर्षांचा वड महामार्गात जाणार होता, २०२० मध्ये गावकरी आणि पर्यावरणवाले उभे राहिले आणि रस्त्याचा आराखडा बदलायला लागला. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन शहरांत ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं ठरलं. पण मेघा बेटा, कायदा असून भागत नाही. वाईहून पाचगणीच्या घाटात जाताना ते जुने वड बघितले की मला अजून भीती वाटते, कोण कधी करवत घेऊन येईल सांगता येत नाही.

शिक्षेचं म्हणशील तर मी मेघाच्या बाजूने.

सुलभा_स्लाव

अण्णा, नमस्कार. मी १९७९ पासून लंडनजवळ स्लावला आहे, माझंही मत तुमच्यासारखंच. निखिल, बाळा, घरफोडीत गेलेला टीव्ही परत घेता येतो रे.

निखिल_लीड्स

मावशी, पटलं थोडं. थोडंच हं.

वैदर्भी_राजू

नमस्कार भाऊ लोकहो. मी नागपूरचा, जंगलात फिरणारा माणूस, म्हणून ती वटवाघळांची बातमी मले लय जवळची वाटते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, लंडन ते बर्मिंगहॅम जी हायस्पीड रेल्वे बांधून राहिले, एचएस२, तिच्या रस्त्यात बकिंगहॅमशायरात शीपहाऊस वूड नावाचं जुनं जंगल लागते. तिथे बेखस्टाइन जातीचं वटवाघूळ राहते, दहा-बारा ग्रॅमचा जीव, ब्रिटनमध्ये लय दुर्मीळ. तर ते गाडीखाली येऊ नये म्हणून रुळांवर जवळपास एक किलोमीटरचा जाळीचा मांडव घालायचं ठरलं, खर्च १०० मिलियन पौंडाच्या वर. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीचे चेअरमन जॉन थॉम्पसन स्वतःच भर सभेत बोलले की हा शेड बांधा लागून राहिला आणि पूर्ण लाईनसाठी आम्हाला ८,२७६ परवानग्या घ्या लागल्या. मग काय, पेपरवाल्यांनी धरून घेतलं, पंतप्रधान स्टार्मर पण बोलले की हे असं चालणार नाही.

सगळे त्या वटवाघळालेच बोलून राहिले, काहून? जंगल तिथे आधीपासून होतं, वटवाघूळ आधीपासून होतं, लाईन नंतर आखली. आमच्याकडे नागपूर-सिवनी रस्ता, एनएच ४४, पेंचच्या जंगलातून जाते. तिथे वर्षानुवर्षं कोर्टात भांडण झालं, शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ता वर उचलला, सगळ्यात लांब भुयारी मार्ग ७५० मीटरचा. तेव्हा पण लोक म्हणत, वाघ काय बोर्ड वाचून खालून जाईल का? आता कॅमेऱ्यात बघा, वाघ, रानकुत्रे, चितळ, सगळे आरामात खालून जातात. मी स्वतः डिसेंबरमधे पहाटे तिथून गेलो, गाडी ढाब्याजवळ थांबवून उतरलो होतो, वरून ट्रक धडधडत चालले होते आणि खालच्या ओल्या मातीत चितळांच्या खुरांची अशी दाट रांगोळी होती की पाय ठेवायला जागा नाही.

निखिल_लीड्स

राजूभाऊ, पेंचचं काम मी पण बघितलंय, जबरदस्त आहे. पण इथे गोष्ट वेगळी आहे आणि मला यात खरंच त्रास होतो म्हणून लिहितो. एचएस२ लीड्सपर्यंत येणार होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमचा फाटा रद्द केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मँचेस्टरचा रद्द केला, आणि तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी ते जाहीर कुठे केलं तर मँचेस्टरमध्येच, पक्षाच्या अधिवेशनात. उत्तरेकडच्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल विचार करा. मी दर मंगळवारी लीड्सहून मँचेस्टरला जातो, सत्तरेक किलोमीटरचं अंतर, आणि हिवाळ्यात अर्ध्या वेळा उभं राहून जावं लागतं. त्यामुळे एक किलोमीटर मांडवाला शंभर मिलियन हे वाचलं की पोटात तुटतं. वटवाघळं मरावीत असं मी म्हणत नाहीये, माझं म्हणणं एवढंच की आठ हजार परवानग्यांच्या घोळात ना वटवाघळाचा नीट विचार होतो ना प्रवाशाचा. तेवढ्या पैशात आसपासचं दुसरं जंगल वाढवून दिलं असतं तर त्या जिवाचं जास्त भलं झालं असतं का, हा प्रश्न तरी विचारायला हवा होता ना?

वैदर्भी_राजू

हा प्रश्न बरोबर आहे भाऊ. फक्त जुनं जंगल पैशाने वाढत नाही लवकर. या वटवाघळाले पोकळ खोड लागते, सुतारपक्ष्याने पाडलेलं भोक लागते, अन् ते व्हायले झाड म्हातारं व्हा लागते.

सीए_मंदार

मी पुण्यात सीए आहे, इंग्लंडला एकदाच गेलोय आठ दिवस, पण माझी आवडती ब्रिटिश बातमी जुनी आहे, १९९१ ची, आणि मी ती दरवर्षी ऑफिसमधल्या नवीन आर्टिकल मुलांना, म्हणजे सीएचं काम शिकणाऱ्या उमेदवारांना, सांगतो. जाफा केक. तळाला मऊ स्पंज, त्यावर संत्र्याची जेली आणि वरून चॉकलेटचा पातळ थर. दुकानात बिस्किटांच्या रॅकमधे असतो, बिस्किटासारखा पुडक्यात येतो, लोक बिस्किटासारखाच चहाबरोबर खातात. इथे कराची गंमत अशी की तिकडे केकवर व्हॅट शून्य, साध्या बिस्किटावरही शून्य, पण बिस्किटाला चॉकलेट लावलं की पूर्ण दराने व्हॅट, तेव्हा साडेसतरा टक्के, आता वीस. कर खातं म्हणालं हे चॉकलेटचं बिस्किट आहे. मॅकव्हिटीज कंपनी म्हणाली केक आहे. प्रकरण ट्रायब्युनलपुढे गेलं, कंपनीने एक मोठ्ठा जाफा केक करून नेला होता म्हणतात, हा बघा, मोठा केला की केकच दिसतो.

आणि त्यात जी कसोटी पुढे आली ती मला आजही थोर वाटते. शिळं झाल्यावर काय होतं? केक शिळा झाला की कडक होतो, बिस्किट शिळं झालं की नरम पडतं. जाफा केक कडक होतो, म्हणून तो केक. निकाल देणाऱ्याने इतरही गोष्टी तपासल्या, नाव काय, पीठ कसलं, पोत कसा, आकार केवढा, हाताने खातात की काट्याने, यातल्या काही बिस्किटाच्या बाजूने होत्या आणि तसं त्याने सरळ लिहिलं, पण एकूण वजन केकच्या बाजूला पडलं. आणखी एक, जिंजरब्रेडच्या बाहुल्याला चॉकलेटचे दोन ठिपके डोळे म्हणून लावले तर व्हॅट शून्य, पण चॉकलेटची बटणं किंवा पट्टा लावला की पूर्ण व्हॅट.

आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरमध्ये पॉपकॉर्नवरून जे झालं, सुट्या खारट पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकिटबंदला १२, कॅरॅमलवाल्याला १८, तेव्हा सगळ्यांनी मीम फिरवले. मला मात्र वाईट वाटलं. वस्तू म्हणजे नेमकी काय हे ठरवणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात मानाचं काम आहे, आणि ते असं कोणीतरी समोर ठेवून, हाताळून, खाऊन, शिळं करून बघून केलं पाहिजे. तक्ता बघून कर लावला की लोकांचा विश्वास उडतो, मग दर कितीही कमी करा.

मेघा_न्यूकॅसल

मंदार, तुझा प्रतिसाद वाचून काल रात्री एक जाफा केक आणि एक मारी बिस्किट ताटलीत उघडं ठेवलं. आज संध्याकाळी बघितलं, मारी दोन बोटांत वाकतंय आणि केकची कड टोस्टसारखी झालीये. लेकाला दाखवलं, तो सात वर्षांचा आहे, म्हणाला खारी पण ठेवूया, चकली पण ठेवूया. आता ओट्यावर पाच ताटल्या मांडल्यात.

सीए_मंदार

चकली नरम पडणार, म्हणजे बिस्किट. मेघा, त्याला माझ्याकडे आर्टिकलशिपला पाठव.

सुलभा_स्लाव

मी टायपिंगला हळू आहे, सांभाळून घ्या. मला रांगेबद्दल लिहायचंय. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी गेली तेव्हा वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अंत्यदर्शनासाठी जी रांग लागली तिची थट्टा भारतात पण खूप झाली, माझ्या भाचीनेच विचारलं, मावशी, यांना दुसरी कामं नाहीत का? थेम्सच्या काठाकाठाने पार सदर्क पार्कपर्यंत रांग, शेवट कुठे आहे ते सरकार यूट्यूबवर दाखवत होतं. शुक्रवारी तर पार्क भरलं म्हणून नवीन माणसं घेणं थांबवलं. १४ तारखेच्या संध्याकाळपासून १९ च्या सकाळपर्यंत अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली. फुटबॉलपटू डेव्हिड बेकम बारा तासांच्या वर उभा होता, रांग मोडून पुढे गेला नाही.

मी गुरुवारी रात्री साडेनऊला उभी राहिले, तेव्हा माझं वय ६९. मनगटाला रंगीत पट्टी बांधली, नंबर असतो त्यावर, म्हणजे लघवीला जाऊन आलं तरी जागा जात नाही. राणीवर माझं फार प्रेम होतं असं नाही, माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते, ते मी विसरलेले नाही. मी गेले कारण माझी शेजारीण गेली, तिला एकटीला उभं राहवलं नसतं. रात्री दोनला टॉवर ब्रिजपाशी थंडी वाजायला लागली, पुढच्या घानाच्या बाईने तिची शाल अर्धी माझ्या खांद्यावर टाकली, मागच्या पोराने थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला, मी डब्यातले मेथीचे ठेपले वाटले. सकाळपर्यंत आम्ही आठजण एकमेकांची नावं, आजारपणं, मुलांच्या नोकऱ्या सगळं ओळखत होतो. माझी आई मंगळवेढ्याची, लहानपणी तिच्याबरोबर आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत रात्र काढली आहे. ते वातावरण मी ओळखते. आत गेल्यावर शवपेटीसमोर दोन-चार सेकंद मिळतात, विठोबाच्या पायांशी मिळतात तितकेच. पण बाहेर येऊन नदीवरचं ऊन अंगावर आलं तेव्हा शेजारीण माझा हात धरून खूप रडली, तिच्या नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून ती रडली नव्हती.

अण्णा_वाईकर

सुलभाताई, दोनदा वाचलं.

वैदर्भी_राजू

मावशी, नमस्कार तुम्हाले.

निखिल_लीड्स

मावशी, यावर काय लिहू कळत नाहीये, पण धागा पुढे जावा म्हणून जहाजाची बातमी टाकतो, मी तेव्हा नुकताच इथे शिकायला आलो होतो. २०१६ मध्ये अंटार्क्टिकात संशोधन करणारं नवीन जहाज बांधायचं होतं, २०० मिलियन पौंडाचं, आणि सरकारी विज्ञान परिषदेने लोकांना सांगितलं नाव सुचवा. लोकांनी बोटी मॅकबोटफेस हे नाव १,२४,१०९ मतांनी पहिलं आणलं, म्हणजे आपल्याकडे होडीला होडूबाई होडकर म्हणावं तसं. मंत्र्याने नाव फिरवलं आणि जहाजाला निसर्गावरचे माहितीपट करणाऱ्या सर डेव्हिड अॅटनबरो यांचं नाव दिलं. आमच्या होस्टेलवर यावरून केवढं भांडण झालं. मी तेव्हापासून म्हणतोय की लोकांना विचारायचं आणि मग त्यांचं ऐकायचं नाही, हे चूक. आवडत नव्हतं तर विचारायचं नव्हतं.

पण एक झालं, जहाजावरच्या पाण्याखाली एकटं फिरणाऱ्या यंत्राला तेच नाव दिलं. पिवळं, टॉर्पेडोसारखं. २०१७ मध्ये ते दक्षिण महासागरात चार हजार मीटरपर्यंत खोल गेलं, १८० किलोमीटर फिरून आलं, आणि वाढत्या वाऱ्यांमुळे तिथलं खोल पाणी कसं घुसळलं जातं, गरम होतं याची मोजणी घेऊन आलं. माझी बहीण नाशिकला शाळेत शिकवते, तिने सातवीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरांना नाव लगेच पाठ झालं आणि त्यामागोमाग अंटार्क्टिकाचे प्रवाह पण.

मेघा_न्यूकॅसल

निखिल, यात मी तुझ्या बाजूने. अॅटनबरो फार मोठा माणूस, पण मत मागितलं होतं.

अण्णा_वाईकर

मी नाही. जहाजावर माणसं जीव धोक्यात घालून सहा-सहा महिने राहतात, त्याचं नाव घेताना त्यांना अभिमान वाटला पाहिजे. यंत्राला दिलं ते उत्तम झालं.

मेघा, एक विचारायचं होतं. सायकामोरचा बुंधा ठेवला आहे की उपटला? त्या जातीला खालून फुटवे येतात. आमच्याकडे सागाला असे फुटवे आले की दोन-तीन वर्षं तसेच वाढू देतात, मग जोमदार एक-दोन ठेवून बाकीचे काढतात, नाहीतर सगळेच बारीक राहतात. मेंढ्यांपासून जपायला लागतं.

मेघा_न्यूकॅसल

अण्णा, ठेवला आहे! २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या रेंजरला बुंध्याच्या तळाशी आठ फुटवे दिसले. भोवती कुंपण आहे, माणसं तुडवू नयेत म्हणून. बिया आणि डहाळ्यांपासून नॅशनल ट्रस्टने, म्हणजे इथला वारसा जपणाऱ्या संस्थेने, रोपं पण केलीत, झाड ४९ फूट उंच होतं म्हणून ४९ रोपं देशभर द्यायची ठरवली, पाचशेच्या आसपास अर्ज आले होते.

लेकाला घेऊन मागच्या रविवारी गेले होते. मेंढ्या कुंपणाच्या बाहेर चरत होत्या. फुटवे मोजायला तो कुंपणाला नाक लावून बसला, पानं त्याच्या तळहाताएवढी झालीयेत, कडा लालसर. पुढच्या वेळी गेले की जवळून फोटो काढून टाकते, कुठला ठेवायचा ते तुम्ही सांगा.

अण्णा_वाईकर

टाक. बुंध्याच्या अगदी जमिनीलगत असेल तो बघ, वरच्या सालीतून आलेला नको. वाऱ्यात तो टिकत नाही.